वकिलाविरुद्ध तक्रार आणि सनदेवरची कारवाई: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

महाराष्ट्र आणि गोव्यातल्या वकिलांच्या गैरवर्तनाबद्दल जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. याचा मुख्य कायदा म्हणजे अधिवक्ता अधिनियम, १९६१. त्याच्या जोडीला बार कौन्सिल ऑफ इंडियाचे, म्हणजे वकिलांच्या देशपातळीवरच्या नियामक संस्थेचे, नियम आहेत. एक गोष्ट आधीच सांगायला हवी, कारण लोकांची सगळ्यात जास्त निराशा तिथेच होते. शिस्तभंगाची कारवाई वकिलाच्या सनदेवर, म्हणजे वकिली करण्याच्या परवान्यावर, होते. तिने तुमची बुडालेली केस पुन्हा उभी राहत नाही आणि पैसेही वसूल होत नाहीत. त्यासाठी वेगळे अर्ज करावे लागतात आणि त्यांच्या मुदती थोड्या असतात.

१. तक्रार करायची कुणाकडे? आमच्या तालुक्याच्या बार असोसिएशनकडे दिली तर चालेल का?

नाही. बार असोसिएशन ही त्या कोर्टातल्या वकिलांची संघटना असते. अध्यक्ष फार तर समजूत घालतील. सनद रोखण्याचा अधिकार राज्य बार कौन्सिललाच आहे. आपल्याकडे ती 'बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र अँड गोवा'. तिचं कार्यालय मुंबईत फोर्टला उच्च न्यायालयाच्या विस्तारित इमारतीत आहे. दादरा-नगर हवेली आणि दमण-दीवचे वकीलही तिच्याच पटावर (नोंदणीच्या यादीत) येतात.

वकील कुठल्या कोर्टात उभा राहतो हे इथे बघायचं नसतं. त्याचं नाव कोणत्या राज्याच्या पटावर आहे, ते बघायचं. वकीलपत्रावर सनद क्रमांक असतो. तो 'एमएएच'ने सुरू होत असेल तर तक्रार मुंबईला. नागपुरात वकिली करणाऱ्याची सनद मध्य प्रदेशची असेल, तर तक्रार जबलपूरला जाईल. चुकीच्या कौन्सिलकडे गेलेल्या अर्जात महिने वाया जातात, म्हणून आधी हा क्रमांक शोधा.

२. केस हरलो. वकिलाने नीट बाजू मांडली नाही असं वाटतं. हे गैरवर्तन होतं का?

बहुतेक वेळा नाही. कोणता मुद्दा मांडायचा, कोणता साक्षीदार सोडून द्यायचा, हे वकिलाच्या निर्णयाचे विषय आहेत. निर्णय चुकला म्हणून सनदेला हात लागत नाही. अधिनियमाच्या कलम ३५ मध्ये 'व्यावसायिक किंवा अन्य गैरवर्तन' असे शब्द आहेत, पण त्यांची व्याख्या दिलेली नाही. ती नियमांतून आणि निकालांतून घडत आली आहे.

नेहमी आढळणारे प्रकार असे: अशिलाचे पैसे स्वतःकडे ठेवणं, दावा दाखल न करता 'तारीख पडली' असं सांगत राहणं, बनावट आदेश किंवा खोटी पावती देणं, आधी एका पक्षाचं काम करून मग दुसऱ्याकडून उभं राहणं, अशिलाला न विचारता तडजोडीवर सही करणं, निकालातल्या रकमेत टक्का मागणं, न्यायाधीशाच्या नावाने पैसे मागणं. या सगळ्यांत अप्रामाणिकपणा असतो किंवा कर्तव्याकडे उघड पाठ फिरवलेली असते. साध्या निष्काळजीपणावर कारवाई क्वचित होते. निष्काळजीपणा ढोबळ असेल आणि पुन्हा पुन्हा घडला असेल तर मात्र होऊ शकते.

३. वकील तारखांना गेलेच नाहीत. दावा निकाली निघाला, हे आम्हाला नंतर कळलं. पहिलं काय करायचं?

पहिलं काम दावा वाचवण्याचं. तक्रार नंतर. तुमच्या गैरहजेरीत दावा फेटाळला गेला असेल, तर तो पुन्हा बोर्डावर आणण्यासाठी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ९, नियम ९ खाली अर्ज करावा लागतो. तुम्ही प्रतिवादी असाल आणि एकतर्फी हुकूमनामा झाला असेल, तर आदेश ९, नियम १३ खाली. दोन्हींची मुदत ३० दिवसांची आहे. मुदत उलटली असेल तर विलंब माफीचा अर्ज सोबत जोडा आणि तुम्हाला नेमकं कधी, कसं कळलं ते तारखेनिशी लिहा.

वकिलाच्या चुकीची शिक्षा निरपराध पक्षकाराला होऊ नये, असं सर्वोच्च न्यायालयाने १९८१ मध्ये म्हटलं आहे. पण आपण वर्षानुवर्षं चौकशीच केली नाही, तर न्यायालय हा आधार सहज देत नाही. ई-कोर्ट्स ॲपमध्ये तुमच्या केसचा १६ अंकाक्षरांचा सीएनआर क्रमांक टाकला की प्रत्येक तारीख दिसते. नवीन वकील लगेच नेमा (जुने आडकाठी करत असतील तर प्रश्न ५ पाहा) आणि रोजनाम्याच्या प्रमाणित नकलेसाठी अर्ज करा. वकील कोणत्या तारखांना गैरहजर होते हे रोजनाम्यात लिहिलेलं असतं. पुढे तक्रारीत तोच तुमचा सगळ्यात भक्कम पुरावा ठरतो.

४. पूर्ण फी घेतली आणि काम केलं नाही. बार कौन्सिल फी परत मिळवून देईल का?

तसा हुकूम करण्याचा अधिकार कौन्सिलच्या शिस्तपालन समितीला (तक्रारीची सुनावणी तिच्यापुढे होते) नाही. कारवाईचा खर्च देण्याचा आदेश ती देऊ शकते. नुकसानभरपाई मात्र नाही. नियम असा आहे की घेतलेलं काम वकिलाने पुरेशा कारणाशिवाय आणि पुरेशी सूचना दिल्याशिवाय सोडू नये, आणि सोडलंच तर न कमावलेली फी परत करावी. ती परत केली नाही तर नियमभंग होतो आणि तक्रारीला आधार मिळतो. पैसे वसूल करायचे असतील तर दिवाणी दावा लावावा लागतो. अशा दाव्याला साधारणपणे तीन वर्षांची मुदत असते.

त्याआधी एक लेखी नोटीस पाठवा. कोणत्या तारखेला किती रक्कम दिली, कशासाठी दिली, काय झालं नाही, एवढंच त्यात हवं. नोटीस स्पीड पोस्टाने पाठवा आणि पोहोच जपून ठेवा. वकिलाने कोर्टात काही काम केलं असेल तर ते मान्य करा. 'काहीच केलं नाही' असं लिहिलं आणि समोरून चार तारखांचे रोजनामे आले, की तुमच्या बाकीच्या खऱ्या म्हणण्यावरचाही विश्वास उडतो.

५. फी थकली म्हणून वकील फाइल देत नाहीत, एनओसीही देत नाहीत. त्यांना तसा हक्क आहे का?

फाइल अडवण्याचा हक्क नाही. आर. डी. सक्सेना प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००० मध्ये हे स्पष्ट केलं आहे. थकीत फीसाठी वकील दावा लावू शकतो, पण अशिलाचे कागद तारण म्हणून धरून ठेवू शकत नाही. मागूनही फाइल न देणं हेच गैरवर्तन आहे.

एनओसीचं, म्हणजे दुसरा वकील नेमायला जुन्याने द्यायच्या ना-हरकतीचं, थोडं वेगळं आहे. आधीच्या वकिलाचं वकीलपत्र असताना नव्या वकिलाने त्याची संमती घ्यावी, असा नियम आहे. संमती मिळत नसेल तर कारण देऊन न्यायालयाकडे परवानगी मागायची. अर्जात 'आधीच्या वकिलांना अमुक तारखेला लेखी विनंती केली, उत्तर आलं नाही' असं लिहा आणि पोहोच जोडा. आधीच्या वकिलांच्या संमतीवाचून तुमची केस कायमची अडकून पडत नाही.

६. भरपाईच्या केसमध्ये वकिलांनी '३० टक्के माझे' असं कागदावर लिहून घेतलं. ते द्यावेच लागतील का?

निकालावर अवलंबून असलेली फी किंवा मिळणाऱ्या रकमेतला वाटा ठरवायला वकिलांना मनाई आहे. अपघात न्यायाधिकरणाच्या आणि भूसंपादनाच्या प्रकरणांत हा प्रकार सर्रास चालतो. 'बाकीचेही असंच करतात' हा त्यावर बचाव होत नाही. असा करार वकिलाला न्यायालयात अंमलात आणता येत नाही आणि तो कागद स्वतःच गैरवर्तनाचा पुरावा असतो.

रक्कम वकिलाच्या हाती आली असेल तर नियम आणखी कडक आहेत. अशिलाच्या पैशांचा हिशेब ठेवायचा, पैसे आल्याचं लवकरात लवकर कळवायचं, मागितल्यावर हिशेबाची प्रत द्यायची. फी आधी ठरलेली असेल तर काम संपल्यावर ती अशिलाला कळवून त्यातून वळती करता येते. हाती असलेला पैसा 'तुमच्याकडून उसना घेतला' असं दाखवायला मनाई आहे. म्हणून तक्रारीआधी हिशेबाची लेखी मागणी करा. उत्तर आलं नाही तर तेही तुमच्या बाजूने बोलतं.

७. तक्रार अर्ज कसा लिहायचा? मराठीत चालतो का?

मराठीत चालतो. प्रकरण पुढे बार कौन्सिल ऑफ इंडियाकडे गेलं तर इंग्रजी भाषांतर करून घेणं हे राज्य कौन्सिलचं काम आहे.

अर्ज दाव्यासारखा सही आणि सत्यापन केलेला हवा. नुसतं पत्र, ईमेल किंवा पोर्टलवरची तक्रार पुरत नाही. परत येणाऱ्या अर्जांतली ही सगळ्यात नेहमीची त्रुटी. शेवटी कोणते परिच्छेद स्वतःच्या माहितीतले आणि कोणते इतरांकडून कळलेले ते लिहायचं, ठिकाण-तारीख घालायची, सही करायची आणि सोबत प्रतिज्ञापत्र जोडायचं. शुल्क भरावं लागतं. त्याची रक्कम आणि प्रतींची संख्या कार्यालयात विचारून घ्या. समितीचे सदस्य तीन असतात, समोर वकील असतो आणि महाधिवक्त्यांनाही (राज्य सरकारचे मुख्य वकील) नोटीस जाते. त्यामुळे एकदोन प्रतींवर भागत नाही.

मजकुरात क्रम ठेवा. वकिलाचं नाव, पत्ता, सनद क्रमांक. कोणत्या कोर्टातली कोणती केस. काम कधी दिलं, किती पैसे कसे दिले. मग घटना, प्रत्येक परिच्छेदात एक, तारखेसह, आणि तिच्यापुढे जोडलेल्या कागदाचा क्रमांक. 'यांनी आमचं आयुष्य उद्ध्वस्त केलं' हे खरं असलं तरी समितीला तपासता येत नाही. '१२ जूनला दावा दाखल झाला असं सांगितलं, फाइलिंगच्या नोंदीत त्या नावाचा दावा नाही' हे तपासता येतं. न्यायाधीशाचा निकाल कसा चुकला ते या अर्जात लिहू नका. त्याची जागा अपिलात आहे.

वकिलाचा पत्ता नीट द्या. कार्यालयाचा आणि घरचा, दोन्ही मिळाले तर उत्तम. नोटीस परत आल्यामुळे रखडलेली प्रकरणं पुष्कळ असतात.

८. व्हॉट्सॲपचे मेसेज, फोन रेकॉर्डिंग चालतं का? पैसे तर रोख दिले होते.

चालतं, पण नुसत्या स्क्रीनशॉटवर विसंबू नका. इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र लागतं. जुन्या पुरावा कायद्यातलं कलम ६५-ब ते हेच. ज्या मोबाइलमध्ये मूळ मेसेज आहेत तो विकू नका, रीसेट करू नका. रेकॉर्डिंगमधला कामाचा भाग लिहून काढून जोडा, पण फाइल अख्खी द्या. कापलेल्या रेकॉर्डिंगवर पहिला आक्षेप तिथेच येतो.

रोख पैशाची पावती नसेल तर आजूबाजूचे धागे जुळवा: त्या दिवशी बँकेतून काढलेली रक्कम, सोबत असलेल्या माणसाचं प्रतिज्ञापत्र, 'मिळाले' असा मेसेज. पुराव्याचा दर्जा इथे उंच धरला जातो, कारण माणसाची उपजीविका पणाला लागलेली असते. संशयाचा फायदा वकिलाला मिळतो, आणि तो मिळायलाच हवा.

९. अर्ज दिल्यावर पुढे काय होतं? मला वकील लावावा लागेल का?

आधी कार्यालय त्रुटी तपासतं. कौन्सिल तुमच्याकडून अधिक तपशील आणि वकिलाकडून म्हणणं मागवू शकते. मग कौन्सिल ठरवते की गैरवर्तन झालं असं मानायला कारण आहे का. असेल तर प्रकरण शिस्तपालन समितीकडे जातं. तिच्यात कौन्सिलचे दोन निवडलेले सदस्य आणि बाहेरचा एक अनुभवी वकील असतो, आणि तिघांतला ज्येष्ठ अध्यक्ष होतो.

समिती वकिलाला आणि महाधिवक्त्यांना नोटीस काढते. वकील लेखी बचाव देतो. साक्षीदार बोलावणं, कागद मागवणं, शपथेवर जबाब घेणं यांत समितीला दिवाणी न्यायालयासारखे अधिकार आहेत. बऱ्याच प्रकरणांत कागद आणि प्रतिज्ञापत्रांवर निर्णय होतो. तथ्यांवरच वाद असेल तर उलटतपासणी होते, तिची तयारी ठेवा. तुम्ही स्वतः उभे राहू शकता किंवा वकील नेमू शकता. कागद सरळ असतील तर स्वतः उभं राहून काम भागतं. उलटतपासणी होणार असेल तर वकील नेमलेला बरा.

तारखांना मात्र जा. दोन्हीपैकी कुणीही गैरहजर राहिलं तर समिती एकतर्फी पुढे जाऊ शकते.

१०. वर्ष होऊन गेलं, अजून तारखाच चालू आहेत. काही इलाज?

कलम ३६-ब प्रमाणे राज्याच्या समितीने तक्रार मिळाल्यापासून एका वर्षात काम संपवायचं असतं. न संपल्यास प्रकरण बार कौन्सिल ऑफ इंडियाकडे वर्ग होतं. डिसेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने के. अंजिनप्पा प्रकरणात होणाऱ्या उशिरावर तीव्र नाराजी दाखवली. राज्य कौन्सिलांनी एका वर्षात निकाल द्यावा, प्रकरणं वर पाठवणं हा अपवाद असावा, आणि वर गेलेली प्रकरणंही वर्षभरात संपवावीत, असं बजावलं. तरी उशीर होतो, हे लपवण्यात अर्थ नाही. नागरिकाने फोर्टपर्यंतच्या फेऱ्या मारत राहायचं, ही स्थिती या व्यवसायाला शोभत नाही.

तक्रार मिळाल्याची पोहोच आणि क्रमांक जपा. वर्ष भरत आलं की राज्य कौन्सिलला लेखी विचारणा करा. वर्ष उलटल्यावर कलम ३६-बचा उल्लेख करून राज्य कौन्सिल आणि बार कौन्सिल ऑफ इंडिया, दोन्हींना अर्ज पाठवा. प्रकरण वर्ग झालं तर सुनावणी दूर जाऊ शकते, म्हणून आधीच विचार करा.

११. शिक्षा काय होऊ शकते?

तक्रार फेटाळणं सोडलं तर तीनच: ठपका, ठरावीक काळासाठी निलंबन, आणि पटावरून नाव काढून टाकणं, म्हणजे लोकांच्या भाषेत सनद रद्द होणं. निलंबित वकिलाला त्या काळात भारतातल्या कुठल्याही न्यायालयात किंवा प्राधिकरणापुढे वकिली करता येत नाही. नुसतं एका जिल्ह्यात बंदी असा प्रकार नाही.

कोणत्या गोष्टीला किती, याचा तक्ता नाही. वादातली मालमत्ता अशिलाकडूनच विकत घेणाऱ्या वकिलाचं एक वर्षाचं निलंबन सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये कायम ठेवलं. त्याच वर्षी उत्तर प्रदेशातल्या एका प्रकरणात निलंबन अपुरं मानून नाव पटावरून काढलं. तिथे वकिलाने कोर्टाच्या दालनातच चाकूने हल्ला केला होता.

१२. समोरच्या पक्षाच्या वकिलाने खोटे आरोप असलेला दावा टाकला. त्यांच्याविरुद्ध तक्रार करता येईल का?

इथे फार सांभाळून पाऊल टाका. समोरचा वकील त्याच्या अशिलाचं म्हणणं मांडत असतो. ते म्हणणं खोटं ठरलं म्हणून वकील दोषी ठरत नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशाच एका निराधार तक्रारीवरची कारवाई टिकू दिली नाही आणि आपल्या राज्याच्या कौन्सिललाच ५० हजार रुपये खर्च भरायला लावला. व्यावसायिक गैरवर्तनाच्या कारवाईसाठी तक्रारदार आणि वकील यांच्यात साधारणपणे वकील-अशील नातं असावं लागतं, असंही न्यायालयाने म्हटलं.

पण दार पूर्ण बंद नाही. पुण्यातल्या एन. जी. दास्ताने यांच्या प्रकरणात (२००१) तक्रार समोरच्या बाजूच्या वकिलांविरुद्धच होती. साक्षीदार हजर असताना उलटतपासणी टाळायला ते खोट्या सबबींवर तारखा घेत राहिले. राज्य कौन्सिलने तक्रार बाजूला सारली होती. साक्षीदाराला असं ताटकळत ठेवणं हे गैरवर्तन आहे असं सांगून सर्वोच्च न्यायालयाने ती समितीपुढे पाठवली. फरक वकिलाच्या स्वतःच्या कृतीत आहे. बनावट कागद त्यानेच तयार केला, साक्षीदाराला त्यानेच फोडलं, तुमचा वकील असताना त्याला डावलून थेट तुमच्याशी बोलणी केली, तर तक्रारीला जागा आहे.

१३. माझे जुने वकील आता माझ्याच विरुद्ध उभे आहेत.

त्याच वादात सल्ला दिला असेल, मसुदा केला असेल किंवा काम पाहिलं असेल, तर विरुद्ध पक्षाकडून उभं राहायला नियमाने मनाई आहे. वकीलपत्र दिलं नव्हतं, फक्त सल्ला घेतला होता, तरीही. आधी त्या न्यायालयातच लगेच लेखी हरकत घ्या, म्हणजे नुकसान थांबेल. पूर्वी सल्ला घेतल्याचा पुरावा जोडा: मेसेज, फीची नोंद, दुरुस्त्या केलेला मसुदा. वाद पूर्ण वेगळा असेल तर मुद्दा तुमची गुपितं वापरली जाण्यापुरता उरतो आणि तो सिद्ध करणं अवघड जातं.

१४. वकिलांनी पैसे परत केले. आता तक्रार मागे घेतली की विषय संपला ना?

तुमच्यापुरता कदाचित. पण तक्रार मागे घेतली, तडजोड झाली किंवा तक्रारदाराला पुढे जायचं नाही, एवढ्याच कारणाने चौकशी थांबवू नये, असा नियम आहे. तक्रारदार मरण पावला तरी समिती चौकशी चालू ठेवू शकते. वकील मरण पावला तर मात्र त्याच्यापुरती ती संपते. समिती शिक्षेच्या वेळी परतफेड विचारात घेऊ शकते.

तडजोडीच्या कागदावर 'माझे सर्व आरोप खोटे होते' असं वाक्य घालायचा आग्रह होतो. आरोप खरे असतील तर सही करू नका. शपथेवर एक आणि कागदावर दुसरं, अशी अवस्था तुमचीच होते.

१५. ग्राहक आयोगात जाता येईल का? पोलिसांत?

ग्राहक आयोगाचं दार मे २०२४ पासून बंद आहे. वकिलाची सेवा ग्राहक संरक्षण कायद्यात बसत नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने डी. के. गांधी प्रकरणात दिला. दिवाणी दावा करता येतो (प्रश्न ४).

पैसे हडपणं, बनावट आदेश देणं, खोटे शिक्के वापरणं हे गुन्हेही आहेत. त्यासाठी पोलिसांत फिर्याद देता येते आणि ती कौन्सिलच्या तक्रारीसोबत चालू शकते. दोन्हीकडच्या मजकुरातल्या तारखा आणि रकमा जुळायला हव्यात. एका ठिकाणी ८० हजार आणि दुसरीकडे एक लाख लिहिलं तर दोन्ही ठिकाणी पंचाईत होते.

१६. न्यायाधीश स्वतःच सनद रद्द करू शकत नाहीत का?

न्यायालयाच्या अवमानाच्या शिक्षेचा भाग म्हणून नाही. १९९८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ठरवलं की तो अधिकार बार कौन्सिलचा आहे. मात्र आपल्या न्यायालयात उभं राहण्यावर उच्च न्यायालय बंदी घालू शकतं. दिल्लीच्या बीएमडब्ल्यू अपघात खटल्यात साक्षीदाराशी संधान बांधल्याबद्दल वकिलाला चार महिन्यांची बंदी झाली होती. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा अधिकार मान्य केला.

१७. वकिलाने वकिलीबाहेर काही केलं असेल तर? शेजाऱ्याला मारहाण, जमिनीची फसवणूक?

कलम ३५ मधले 'अन्य गैरवर्तन' हे शब्द त्यासाठीच आहेत. वकील स्वतः पक्षकार असताना केलेल्या वागणुकीवरही कारवाई झालेली आहे. पण घरगुती भांडणं, सोसायटीतले वाद, उसनवारी यांत कौन्सिल सहसा पडत नाही. नैतिक अधःपतनाचा गुन्हा शाबित झाला असेल तर निकालाची प्रमाणित नकल जोडा.

१८. सोशल मीडियावर 'घटस्फोट ३० दिवसांत, खात्रीशीर' अशी जाहिरात करणारे वकील बिनधास्त कसे?

जाहिरात करून किंवा दलालांमार्फत काम मिळवायला मनाई आहे. २००८ पासून संकेतस्थळावर नाव, संपर्क, शिक्षण, नोंदणी आणि कामाचं क्षेत्र एवढंच देता येतं. मुंबईतल्या दंडाधिकारी न्यायालयांबाहेर अशील ओढणाऱ्या वकिलांचं प्रकरण दाभोलकर खटला म्हणून सत्तरच्या दशकात सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं, आणि ते वागणं गैरवर्तन ठरलं. अशी तक्रार कुणीही करू शकतं. जाहिरातीची तारीख, दुवा आणि पडद्याची प्रत ठेवा.

१९. नोटरी, सरकारी वकील आणि बोगस वकील यांचं काय?

सरकारी वकील पटावरचा वकीलच असतो, त्याच्यावर कलम ३५ लागू आहे. नोटरीच्या कामाची तक्रार मात्र नोटरी अधिनियम, १९५२ खाली, ज्या सरकारने नेमलं त्याच्याकडे करायची. एकाच माणसाने दोन्ही भूमिकांत गैर केलं असेल तर दोन वेगळ्या तक्रारी.

सनदच नसलेला माणूस कौन्सिलच्या शिस्तीत येत नाही, कारण रद्द करायला काही नसतंच. बेकायदा वकिली करणाऱ्याला कलम ४५ प्रमाणे सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. तिथे पोलीस आणि ते न्यायालय हा मार्ग. सनद क्रमांकाची खातरजमा कौन्सिलकडून लेखी करून घ्या.

२०. निर्णय पटला नाही तर?

समितीच्या आदेशाविरुद्ध तो कळल्यापासून ६० दिवसांत बार कौन्सिल ऑफ इंडियाकडे, आणि तिच्या समितीच्या आदेशाविरुद्ध आणखी ६० दिवसांत सर्वोच्च न्यायालयात अपील होतं. तक्रारदार, वकील आणि महाधिवक्ता, तिघांनाही हा हक्क आहे. पुरेसं कारण असेल तर उशीर माफ होतो. अपील दाखल केल्याने निलंबन आपोआप थांबत नाही, स्थगिती वेगळी मागावी लागते.

तक्रार समितीकडे न पाठवता कौन्सिलनेच फेटाळली तर हे अपील चालत नाही. तेव्हा कलम ४८-अ खाली बार कौन्सिल ऑफ इंडियाकडे पुनरीक्षण (निर्णय पुन्हा तपासण्याचा अर्ज), किंवा उच्च न्यायालयात याचिका.

२१. तक्रार केली तर अब्रुनुकसानीची केस करीन, अशी धमकी आली आहे.

अधिकार असलेल्या यंत्रणेकडे सद्भावनेने केलेली तक्रार हा बदनामीच्या गुन्ह्याला कायद्यानेच दिलेला अपवाद आहे. कागदांचा आधार असेल तर घाबरू नका. हे संरक्षण तक्रारीला आहे. तीच तक्रार गावाच्या व्हॉट्सॲप गटात किंवा फेसबुकवर टाकलीत तर ते तुमच्या हातून जातं. निराधार तक्रारीवर समिती तुमच्यावर खर्च बसवू शकते.

२२. मी वकील आहे. अशिलाने तक्रार केली आहे, नोटीस आली आहे. उत्तर कसं द्यावं?

दिलेल्या तारखेच्या आत, परिच्छेदनिहाय, प्रतिज्ञापत्रासह. 'तक्रार खोटी आहे' एवढ्यावर थांबू नका. डायरीतल्या नोंदी, पाठवलेली पत्रं, फी आणि खर्चाचा वेगळा हिशेब, फाइल परत दिल्याची सही, हे जोडा. बचाव बहुतेक वेळा हिशेबावर टिकतो किंवा पडतो. फी आणि कोर्ट खर्च एकाच आकड्यात घेतले असतील तर ते आता सुटे करून दाखवणं जड जातं.

नोटीस घ्यायची टाळू नका. एकतर्फी आदेश झालाच तर तो रद्द करायला ६० दिवसांत सबळ कारणासह अर्ज करावा लागतो. चौकशी चालू असताना दुसऱ्या राज्याच्या पटावर सनद वर्ग करून घेण्याचा अर्ज बार कौन्सिल ऑफ इंडिया फेटाळू शकते. आणि तक्रारदाराला मध्यस्थ पाठवून दबाव आणू नका, त्यातून दुसरी तक्रार जन्माला येते.

२३. मी परदेशात आहे. पुण्यातल्या जमिनीच्या केसमधल्या वकिलाविरुद्ध तक्रार तिथून करता येईल का?

येईल. अर्ज आणि प्रतिज्ञापत्रावर भारतीय वकिलातीत किंवा तिथल्या नोटरीपुढे सही करा, आणि इथे काम पाहायला वकील नेमून त्याला वकीलपत्र द्या. घटना घडल्या तेव्हा इथले व्यवहार भावाने किंवा काकांनी पाहिले असतील, तर त्यांचं वेगळं प्रतिज्ञापत्र जोडा. पैसे त्यांच्या हातून गेले असतील तर सत्यापनात 'स्वतःच्या माहितीप्रमाणे' असं तुम्ही लिहू शकत नाही, आणि उलटतपासणीत पहिला प्रश्न त्यावरच येतो. बँकेतून पाठवलेल्या रकमेचे उतारे मात्र तुमच्याच नावाचे असतात. ते बँकेच्या शिक्क्यानिशी मागवून घ्या.